गरीब नायकाचा लॅब्राडोर

मी घाटंजीकडच्या एका पशुदवाखान्यात नोकरीला होतो, तेव्हाची गोष्ट. जवळच्या तांड्यावर सिनेमाचं शूटिंग सुरू होतं. शहरातून आणलेल्या एका कुत्र्याला उन्हानं हगवण लागली, म्हणून मला बोलावणं आलं.

गेलो तर तिथं कुत्र्यांची जातवार वाटणी झालेली. खलनायकाकडे अल्सेशियन, त्याच्या बायकोच्या मांडीवर पॉमेरेनियन. आणि शेळ्या चारणाऱ्या गरीब नायकाचा इमानी गावठी कुत्रा म्हणून चक्क लॅब्राडोर! गावठी दिसावा म्हणून त्याच्या अंगाला माती चोळली होती. आजारी होता तोच. अल्सेशियनची तब्येत ठणठणीत होती, पण तो शेळ्यांना भिऊन जीपखाली बसला होता.

तांड्यावरची एक म्हातारी हे सगळं बघत उभी होती. तिला सगळे याडी म्हणजे आई म्हणत. तिच्या पायाशी तिचा तांबूस, हडकुळा कुत्रा.

"डाक्टरसाहेब, एवढं खाल्लंप्यालं कुत्रं गरिबाच्या घरी कसं?" तिनं मला विचारलं.

मी तोच प्रश्न दिग्दर्शकाला केला. "लॅब्राडोरच्या डोळ्यांत निष्ठा दिसते," तो म्हणाला.

"आणि याच्या?" मी याडीच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"याच्या डोळ्यांत भूक दिसते."

पण मी लॅब्राडोरला तीन दिवस विश्रांती सांगितली, आणि नायकामागे नांगरलेल्या शेतातून धावायचा प्रसंग तर त्याच दिवशी घ्यायचा होता. शेवटी भुकेल्या डोळ्यांचाच कुत्रा घ्यावा लागला. धावताना डोळे कोण बघतं?

त्याला मटण चारलं, चुचकारलं. नायक धावला. कुत्रा मटण संपवून याडीपाशी येऊन बसला. चार वेळा हेच झालं.

"तो माह्याच मागं येते," याडी म्हणाली.

मग दिग्दर्शकानं नायकाचा सदरा, धोतर आणि फेटा याडीला चढवला. सत्तरीची म्हातारी ढेकळांतून धावली, मागून कुत्रा सुसाट. कॅमेरा पाठीमागं. ढेकळांत ती अडखळत होती म्हणून तिला आणखी तीनदा धावायला लावलं.

सिनेमा आला, तो मी यवतमाळला पाहिला. जवळून लॅब्राडोर, लांबून याडीचा कुत्रा. नायकाचा कुत्रा धावू लागला की एकदम अर्धा व्हायचा, पण थेटरात कुणाला काही खटकलं नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ तर डोळे पुसत होते. शेवटी पाट्यांमध्ये तिन्ही शहरी कुत्र्यांची नावं आली.

पुढं तांड्यावर गेलो, तेव्हा तो प्रसंग याडीला मोबाइलवर दाखवला. स्वतःची पाठ पाहून ती पोट धरून हसली.

"याडी, तुझ्या कुत्र्याचं नाव नाही टाकलं," मी तावातावानं म्हणालो. "अन्याय आहे हा!"

"त्याले काय करायचं नाव? मटण भेटलं त्याले." ती गुडघा चोळत म्हणाली, "तुम्ही त्या मोठ्या कुत्र्याले तीन दिवस आराम सांगतला. मले कोणी इचारलं काय, याडी, पाय दुखते काय म्हणून?"

मी मोबाइल खिशात घातला. मीही विचारलं नव्हतं.