बाबांच्या नावाचा दुसरा माणूस
जपानमधल्या आमच्या फुनाबोरीच्या घरातला ड्रॉवर आवरताना बाबांचा अडकित्ता हाती आला. त्याला अजून सुपारीचा वास येतो. एकदा बाबा आमच्याकडे राहून माझ्या भावाकडे अमेरिकेला निघाले होते. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने त्यांचा पासपोर्ट मशीनवर ठेवला आणि बोर्डिंग पास निघेचना. कुठल्याशा सरकारी यादीतल्या माणसाशी नाव जुळतंय, एवढंच ती वाकून वाकून सांगत होती. “मधलं नाव माझ्या वडिलांचं आहे. त्या माणसाच्या वडिलांचं काय, ते विचार तिला,” बाबा मला म्हणाले. मी जपानीतून विचारलं, तर तेही तिला सांगता येईना. ती फोनवर फोन करत होती, विमानाची वेळ होत आली होती, आणि माझी मुलगी जपानीत विचारत होती, आजोबा वाईट आहेत का? अखेर पास निघाला. “ते तुम्ही नाही,” काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली. “मग ते कोण?” बाबांनी विचारलं. ती पुन्हा वाकली. पोचल्यावर बाबांचा फोन आला, “अगं, अडकित्ता हातातल्या पिशवीतच राहिला होता. कोणी काही बोललंच नाही!” परत आमच्याकडे येतानाही बाबांना नावावरून थांबवलं, आणि अडकित्ता पुन्हा बिनबोभाट आला. तेव्हा मी तो ठेवूनच घेतला. विमानतळावरचे लोक नक्की काय शोधत होते, हे मला आजही कळलेलं नाही.