‘कोराब्ल’ सांगणारी माणसं

काकूंचा फोन आला तेव्हा मी उम्म अल हस्समच्या सिग्नलला होते. “काका गेले गं,” एवढंच म्हणाल्या. मला आधी वाटलं, ड्यूटीवर गेले...

सुधाकरकाका आमच्या खालच्या फ्लॅटमधले, मूळ दाभोळचे. इथे आखातात जहाजं दुरुस्त होतात त्या यार्डात रंगकामाचे इन्स्पेक्टर. नवं जहाज लागलं की खलाशांना चहा पाजून विचारायचे, तुमच्यात जहाजाला काय म्हणतात? वहीत आधी माणसाचं नाव, गाव, काम... मग शब्द.

एकदा एका रशियन कुकने ‘कोराब्ल’ सांगितला. मग बल्गेरियाचा एक फिटर म्हणाला, आमच्यात ‘कोराब’. मी लगेच फोनवर शोधलं, आणि सापडलं काय, तर मूळ म्हणे ग्रीक, अर्थ भुंगा, खेकडा आणि छोटी होडीसुद्धा. इथले अरब होडीला ‘कारिब’ म्हणतात, तोही बहुतेक तिथूनच आलेला. पण काहीजण म्हणतात, छे, स्लाव लोकांचा घरचाच शब्द आहे, झाडाच्या सालीवरून, सालीच्या टोपलीवरून आलेला.

“साल पटते,” काका म्हणाले. “खेकडा तिरका चालतो. त्याच्यात कोण बसेल?”

“काका, ग्रीक फायनल. खलास.”

“तू होतीस तिथे?”

मग मी उत्साहात अख्खी वही एक्सेलमध्ये टाइप केली. फक्त नावं-गावं गाळली, उगाच गर्दी वाटली. काकांनी स्क्रीन शेवटपर्यंत बघितली. “छान झालंय. पण हे सांगितलं कुणी?”

“नावं शुक्रवारी सुट्टीत टाकते,” मी म्हटलं. शुक्रवारी मी जिदहफ्सला मैत्रिणीकडे गेले. बुधवारी काकूंचा तो फोन.

काकूंचा व्हिसा काकांवर होता, त्यामुळे त्या आता दाभोळला चालल्यात, वही घेऊन. म्हणून गेले तीन आठवडे रोज ऑफिस सुटलं की मी खाली जाते. बॅगांच्या पसाऱ्यात काकू वाचतात, मी टाइप करते.

“इगोर, मुर्मान्स्क, कुक. गुडघे दुखतात,” काकू वाचतात. ‘कोराब्ल’च्या खाली पेन्सिलने ‘खेकडा?’ आणि पुढे, “प्राची, वरचा मजला.” मी माझंच नाव टाइप केलं...

काल शेवटचं पान झालं. ‘गलबत’. पुढे कुणाचंच नाव नव्हतं.

“हा कुणी सांगितला, काकू?”

“घरचाच तो. ह्यांना कोण सांगणार?”

मी टाइप केलं, सुधाकर, दाभोळ.

काकू स्क्रीनजवळ वाकल्या. “इन्स्पेक्टर लिही पुढे. नुसतं नाव चालायचं नाही त्यांना.”