दुसऱ्या गोवरीवरचं बी

आज भेदऱ्याच्या झाडाला काडीचा आधार बांधला आणि हाताला तो हिरवा, उग्र वास चिकटला. भेदरं म्हणजे आमचं टमाटं. आमच्या डोंगरावरचं एखादं भेदरं गडगडत खाली गेलं, की रस्ता अडून खाली मेडशीत एसटी थांबायची. खोटं वाटलं तर जाऊन पाहा, एसटी अजूनही थांबते.

त्या वासासरशी लग्नानंतरची एक दुपार आठवली. माझी बायको शांता अंगणात बसली होती. सगळ्यात मोठं भेदरं चिरून तिनं बियांचा गर राखेत कालवला आणि दोन गोवऱ्यांवर थापला. एक चुलीवरच्या फळीवर ठेवली, दुसरी घेऊन शेजारच्या गोदाकाकूकडे निघाली.

मी फुगून म्हणालो, "आपलं बी कायले वाटून राह्यली? बैलगाडीत घालून रिसोडच्या बाजाराले नेलं असतं हे भेदरं."

"बैल दबले असते," ती म्हणाली. "अन् आपलं बी उंदरानं खाल्लं, त मागाले कोनाकडं जासान?"

गोदाकाकू दारातून हसली. "उंदराचं सोड वो, नवऱ्यापासून जप."

तेव्हा वाटलं, बायको घरातलं बी घालवते. ती तर आमच्यासाठी एक दार उघडं ठेवत होती.

आता शांता नाही. काकूही गेली, तिच्या घराला कुलूप आहे. तरी मी दरसाल दोन गोवऱ्यांवर बी थापतो. दुसरी तिच्या वळचणीला खोचतो आणि दोन्ही हात पसरून सांगतो, "काकू, यंदा एवढं भेदरं लागलं."

खोटं म्हणायला कोणी बाहेर येत नाही.