स्पॅनिश स्टेशनच्या टेपवर आमची मालवणी

आधीच सांगतो — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा कॉमेंटमध्ये मला मानसशास्त्र शिकवायला येऊ नका, डोकं आधीच तापलेलं आहे.

राहायला ठाणे, वर्तकनगर. घरून काम करतो, जुन्या टेपमधली खरखर काढायची. गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका बंदराच्या गावातलं छोटं स्पॅनिश रेडिओ स्टेशन क्लायंट म्हणून मिळालं. एका शेतमजूर जोडप्याने बेकरीच्या माळ्यावर सुरू केलेलं. वादळात अँटेना पडला तर गावाने वर्गणी काढून परत उभा केला... आता त्यांची नात चालवते. रविवारी लोक स्टुडिओत येऊन आपल्या माणसांना निरोप द्यायचे, मग गाणं लागायचं. त्याच टेप मी साफ करत होतो.

आता घरचं. बाबा जहाजावर होते. मी सातवीत असताना बेपत्ता झाले. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा, ही आमच्यातली रीत. पण काकाला स्वतःच्या मुलीचं लग्न उरकायचं होतं, मध्येच बाबांची बातमी येऊन सुतक नको होतं. म्हणून तिसऱ्याच वर्षी त्याने माझा हात धरून पुतळ्याला अग्नी द्यायला लावला. आई नको नको म्हणत होती. त्या दिवसापासून ती विधवा.

यंदा बहिणीचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दुपारी काका आला आणि आईच्या तोंडावर म्हणाला, वहिनीने हळदीला हात लावायचा नाही, पहिली हळद काकू लावेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने मान खाली घातली. काकाचं बोलणं ऐकायला लागू नये म्हणून मी टेप मुद्दाम मोठ्याने लावली. अकॉर्डियन, मग निवेदिका... मग पुरुषाचा आवाज. मालवणीत.

"बाबल्या, माज्याच पोराच्या हातान माका जाळलंस? मी जितो आसंय रे."

काकाच्या हातातली बशी पडली. त्याला बाबल्या फक्त बाबा म्हणायचे. आई दारात येऊन उभी राहिली. ह्यांचाच आवाज, एवढंच म्हणाली.

काका माझ्यावरच उलटला — म्हणे तूच कॉम्प्युटरवर बनवलंस. मी म्हटलं, बनवता आलं असतं तर आईचं कुंकू पुसायच्या आधीच बनवलं असतं. निघ आता.

स्टेशनवाल्या नातीला मेल केला. ती म्हणाली, तो आवाज त्या टेपवर पहिल्यापासून आहे, भाषा कोणालाच कळली नाही म्हणून आम्ही तेवढा भाग गाळतो. टेप कधीची ते तिने सांगितलं, मी हिशेब केला. तेव्हा मी बालवाडीत होतो, बाबा रजेवर घरी होते. पुतळा जळायला अजून कितीतरी वर्षं होती.

बाबा जिवंत आहेत का, तो आवाज तिथे कसा... मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा, नाहीतर गप्प बसा.

हळदीला काका आला नाही. आई कुंकू लावून मांडवात आली. बायका कुजबुजायला लागल्या तशी हळदीची वाटी उचलून म्हणाली, "माज्या घोवाचो निरोप इलो हा." आणि पहिली हळद तिनेच लावली.