अर्धी पोळी

जेवता जेवता माझ्या मुलीने, सईने, पोळीचा अर्धा भाग मोडला आणि वाटीखाली सरकवून ठेवला. समोर पोळ्यांचा डबा भरलेला होता, तव्यावर आणखी एक फुगत होती.

"अगं, खा ना ती," मी म्हटलं.

"राहू दे आई, संध्याकाळी लागेल," ती सहज बोलून गेली.

लॉकडाऊनमध्ये ती विद्यापीठाच्या होस्टेलवर अडकली होती. मेस बंद, रस्ते बंद. दुपारी कुणीतरी फाटकाशी एक डबा ठेवून जायचं, दिवसभरात तेवढाच. पण हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मी रोज फोनवर विचारायचे, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो आई, पोटभर." ते ऐकलं की मी इकडे निवांत जेवायला बसायचे.

तिच्या वर्गातली मुलं आता त्या दिवसांबद्दल हसत बोलतात. कुणाचं घरी बसून वजन वाढलं, कुणाला अजून पहाटेशिवाय झोप येत नाही. सगळे म्हणतात, गेलं ते. पण पोट भरलं तरी हाताला ते कळतंच असं नाही. हात आपला मुकाट्याने अर्धं राखून ठेवतो.

मी तव्यावरची पोळी तिच्या ताटात वाढली, वर तूप सोडलं. तिने ती खाल्ली. वाटीखालची मात्र तशीच राहिली.

"पोट भरलं का गं?"

"हो आई, पोटभर."

आवाज तोच होता, फोनवरचा. मी रोज ज्याच्यावर विश्वास ठेवला, तो.