जमनार म्हटलं की उजवीकडे

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कवडीचाही विश्वास नव्हता. सुरतेच्या मराठी शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवायचे. "बाई, आमच्या गल्लीत चेटकीण आहे," असं कोणी म्हणालं की त्याला उभं करून जडत्वाची व्याख्या म्हणायला लावायचे. चेटकीण तिथेच संपायची. पण खाली लिहिलेला प्रकार घडला तेव्हा मी स्वतः गाडीत होते, पूर्ण शुद्धीत, आणि दोन्ही हातांत ताकाचा पेला धरून. म्हणून लिहिते आहे. हसायचं असेल तर हसा... आम्हीही हसलो होतो, पण नंतर.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. शहर घासून-पुसून निघालं होतं, रस्ते रुंद झाले होते. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, राहायला नवागामला. आमच्या ह्यांनी बारा वर्षं एका शेठची गाडी चालवली होती, मग तिथेच जवळ स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. बारा वर्षं मागच्या सीटवरून एकच मंत्र ऐकला होता — "धीमे चलाव, भास्कर." झोपेत कूस बदलतानासुद्धा हा माणूस हळू बदलायचा, खोटं नाही सांगत.

तर गॅरेज जरा रुळल्यावर ह्यांनी जाहीर केलं, की आपल्याला स्पोर्ट्स कार घ्यायची. जुनी चालेल, पत्रा सडका चालेल. "माले मांगे सीटच नही पाहिजे." दोन सीटची गाडी, मागून बोलायला कोणी नाही, आणि वळणावर नुसती मजा. एवढं एकच मागणं होतं त्या माणसाचं आयुष्यात.

मी म्हटलं, "नही जमनार."

हे माझं ठरलेलं उत्तर. सिनेमाला जाऊ? नही जमनार. गच्चीवर झोपू? नही जमनार. शाळेत मी "जमणार नाही" असं शुद्ध बोलायचे, पण घरी अहिराणी, आणि अहिराणीत ण म्हणायला जीभ कोण वळवतो? लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि बहुतेक तेवढ्याच हजार वेळा मी हे म्हटलं असेल. ह्यांनी मात्र या वेळी ऐकलं नाही.

गाडी निवडायची ह्यांची परीक्षा अशी — बाजूच्या सीटवर मी बसायचं, मांडीवर पाऊण भरलेला ताकाचा पेला. गाडी वळणावर जोरात घालायची. ताक कलंडलं तरी चालेल, सांडता कामा नये. ताकच का? तर म्हणे पाणी फार उतावळं असतं, त्याच्यावर भरवसा नाही. विज्ञानाच्या बाईने यावर काय बोलावं!

पहिली गाडी कतारगामच्या एका हिरेवाल्याची, लालभडक. पहिल्याच वळणावर ताक त्यांच्या मखमली सीटवर. हिरेवाल्याचं तोंड त्या ताकापेक्षा आंबट झालं. दुसरी इच्छापोरला, एका कारखान्यातल्या साहेबांची. स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी विचार करायची, मग वळायची. "हाई तर सरकारी ऑफिस शे," हे म्हणाले आणि उतरले.

तिसरी नानपुऱ्यात, गुलबाई नावाच्या पारशी विधवा बाईंकडे. समुद्री हिरव्या रंगाची, छत उघडणारी, विलायती. सहा वर्षं शेडमध्ये उभी होती, म्हणूनच आमच्या ऐपतीत बसत होती. ह्यांनी आदल्या रविवारी जाऊन बॅटरी, प्लग, तेल सगळं करून तिला जिवंत केलं होतं. गुलबाई ओट्यावर बसल्या होत्या. पांढरा स्कर्ट, पायात कापडी बूट. हे एकटेच गाडीकडे निघाले तशा म्हणाल्या, "दीकरा, एकलो नहि जतो. बैरीने बाजुमां बेसाड."

गुजरातीत बायकोला बैरी म्हणतात, म्हणजे तिला बाजूला बसव. आमच्या ह्यांना तो शब्द मनापासून पटलेला आहे.

निघालो. समुद्राकडे जाणाऱ्या डुमसच्या रस्त्याला लागलो, सकाळचे दहा वाजले असतील, ऊन कोवळं, रस्ता मोकळा. पहिलं वळण आलं, ह्यांनी गाडी घातली आणि... काय सांगू. गाडी रस्त्याला अशी चिकटून वळली, की ताकावरचा फेससुद्धा फुटला नाही. आणि हे हसले. मोठ्याने, तोंड उघडून, लहान पोरासारखे. लग्नात हसले होते, त्यानंतर मी हे हसणं ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली, कारण आता हा माणूस ऐकणार नाही.

"लेऊत ना हाई?" आता घ्यायचीच, या सुरात ह्यांनी विचारलं.

सवयीने तोंडातून गेलं, "आपलाले नही जमनार."

गाडी खाड्कन उजवीकडे वळली.

समोर उसाच्या रसाची गाडी होती. रसवाला चरक सोडून पळाला. ह्यांनी ब्रेक दाबला, आम्ही चरकापासून हातभर अंतरावर थांबलो. ताक सांडलं नाही, हे मुद्दाम नोंदवते.

"तू स्टिअरिंगले हात लावा का?"

"मना दोन्ही हात पेलाले शेतस!"

हे खरंच होतं. ह्यांनी रसवाल्याची माफी मागितली, गाडी मागे घेतली. चेहरा उतरला होता. म्हणाले, स्टिअरिंग आपणहून फिरलं... झटका नाही बसला, कोणी वडीलधाऱ्याने हातावर हात ठेवून वळवावं तसं. मी जडत्व काढलं. ह्यांनी गिअर टाकला.

परत फिरलो. वाटेत मोठं सर्कल लागलं आणि तिथे आमचं भांडण पेटलं. मी म्हणाले, असली बिघडलेली गाडी आपल्याला जमनार नाही. गाडी उजवीकडे. हे म्हणाले, बिघडलेली नाही, मी करेन दुरुस्त. मी म्हणाले, काही जमनार नाही. गाडी पुन्हा उजवीकडे. सर्कलला उजवीकडे म्हणजे काय — पुन्हा सर्कलच! बाहेर पडायची वेळ आली की मी तोंड उघडायचे, आणि आम्ही पुढच्या फेरीला. तीन फेऱ्या झाल्या. कडेला उभा ट्रॅफिक हवालदार आधी घड्याळाकडे बघत होता, मग आमच्याकडे. चौथ्या फेरीला तो माझ्या बाजूने ओरडला, "ओ भाई, केटला आंटा मारशो? डाबी बाजु लई लो!"

गाडी डावीकडे वळली, आणि कडेला जाऊन सरळ उभी राहिली. ह्यांचे दोन्ही हात तेव्हा कपाळावर होते. मी पाहिले.

ताक मी पिऊन टाकलं.

मग माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. प्रयोग करायचा! शेजारच्या रिकाम्या मैदानात गाडी नेली. हे म्हणाले, "जमनार." काही नाही. पुन्हा जोरात म्हणाले. काही नाही. मी डाव्या सीटवरून हळूच म्हटलं, "जमनार," आणि स्टिअरिंग उजवीकडे. "डाबी" म्हटलं, डावीकडे. ह्यांना खाली उतरवून उभं केलं, कारण विज्ञानात पक्षपात नको... तर बंद गाडीत स्टिअरिंग ढिम्म. चालवणारा हवा, आणि बोलणारं कोणी डावीकडे हवं.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बारा वर्षं मागचं ऐकलं म्हणून मागे सीटच नसलेली गाडी शोधली, आणि ही बया चालवणाऱ्याचं सोडून बायकोचं ऐकते!

नानपुऱ्यात परतलो. गुलबाईंनी गाडी कशी आहे हे विचारलंच नाही. मला विचारलं, "जमने गई के डाबे?"

जमने. पारशी माणसाच्या जिभेलाही ण वळत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. गुजरातीत उजव्याला जमणी म्हणतात, ते बाई जमने म्हणत होत्या, आणि मी घरचं जमनार. मी नाही म्हणत होते, गाडी उजवं ऐकत होती.

बाईंनी मग सांगितलं. त्यांच्या नवऱ्याला, सोराबजींना, काचबिंदू झाला, नजर गेली, पण गाडी सुटेना. शेवटची काही वर्षं दर रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर डुमसपर्यंत सोराबजी गाडी चालवायचे आणि बाई बाजूला बसून सांगायच्या, जमने, डाबे, जमने. "स्टिअरिंग सोराबनुं, आंख मारी." म्हणजे स्टिअरिंग त्यांचं, डोळे बाईंचे. कुणाला कळलं नाही. कायद्याने केवढा गुन्हा, आणि बाई सांगताना लाजत होत्या! याआधी पाच गिऱ्हाइकं येऊन गेली म्हणे. सगळे म्हणायचे, दुरुस्त करून एकटेच चालवून बघतो. बायकोला बाजूला बसवा म्हटलं की हसायचे. बाईंनी एकालाही गाडी दिली नाही.

हे पायरीवर बसले होते. हातातली किल्ली बाईंपुढे ठेवली आणि म्हणाले, "राहू द्या, बाई. नही जमनार."

चौदा वर्षं तो शब्द मी वापरला, पण ह्यांच्या तोंडी तो मनापासून निघालेला पहिल्यांदा ऐकला, आणि किती वाईट शब्द आहे तो हे त्या दिवशी कळलं. मघाचं ते हसणं माझ्या कानात अजून ताजं होतं. मी किल्ली उचलली, जाऊन डाव्या सीटवर बसले आणि म्हणाले, "कसं नही जमनार? या, बसा."

गुलबाईंची एकच अट होती. महिन्यातल्या एका रविवारी त्यांना डुमसला न्यायचं. सीट दोनच, म्हणून मी ओट्यावर बसायचे आणि हे बाईंना घेऊन जायचे. मागून कोणी बोलू नये म्हणणारा माणूस पंच्याहत्तर वर्षांच्या बाईचं "जमने, डाबे" ऐकत जायचा आणि खुशीत परत यायचा.

ह्यांनी गाडी तीनदा पूर्ण खोलली. स्टिअरिंग, रॉड, चाकं, सगळं. काही सापडलं नाही.

चार वर्षांनी गुलबाई गेल्या. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं डुमसला निघालो. वळण आलं. मी म्हटलं, "जमनार." ह्यांनी हात सैल सोडले होते. स्टिअरिंग हललं नाही. मी पुन्हा म्हटलं. गाडी सरळच चालली होती, कुठल्याही गाडीसारखी.

आधी ती का ऐकायची आणि मग ऐकायची का थांबली, यातलं एकही मला आजवर उमगलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर खाली जरूर लिहा, फक्त जडत्व म्हणू नका.

त्या दिवशी मात्र मी "जमनार," तिसऱ्यांदा म्हटलं. तेव्हा ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गाडी हळूच उजवीकडे वळवली. अजूनही वळवतात.