नाव न विचारता दिलेला निकाल

बोनकोड्याचा हिरामण भजनाचा परीक्षक म्हणून उरणपर्यंत प्रसिद्ध, आणि तितकाच बदनाम. स्पर्धेत तो मंडळींकडे पाठ करून बसायचा. कोण गातंय ते सांगायचं नाही, अशी त्याची अटच असे. "नाव कललं का कान फितूर होतो," म्हणायचा. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या मंडळाला त्याने शेवटून पहिला नंबर दिला, तर बायको आठ दिवस बोलली नव्हती. गड्याला त्याचाही अभिमान!

गेल्या मार्चमध्ये त्याचा मुलगा रूपेश मोबाइल घेऊन समोर बसला. "बाबा, दोन अल्बम हायत. दोनी रॅपचे. ऐक आनि सांग, कंचा चांगला." हिरामणच्या लेखी रॅप म्हणजे नुसती बडबड. अभंगाबाहेर त्याने हळदीच्या डीजेखेरीज काही ऐकलं नव्हतं, तेही नाइलाजाने. पण निकाल द्यायचा म्हटल्यावर स्वारी खुलली. "कोनाचे ते सांगू नको," असं बजावून तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि दोन्ही अल्बम त्याने इमानदारीने शेवटपर्यंत ऐकले.

"पयला बाद," तो म्हणाला. "शब्द नुसते पलतान, आवाज मशीनीतून काढलेला. गानाऱ्याला सांग, दुसरा धंदा बघ म्हनून. दुसऱ्यात जीव हाय."

"बरं," म्हणून रूपेश उठला. सोमवारी तो उरणच्या एका कंटेनर यार्डात कामाला लागला. ती नोकरी तो दोन महिने टाळत होता.

पहिला अल्बम रूपेशचा होता. हे हिरामणच्या लेकीने, मनस्वीने, पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही रडत. "बाबा चांगला म्हनला तर नोकरीला नाय जानार," असं तो तिला म्हणाला होता.

हिरामणने तो अल्बम तिच्याकडून मोबाइलवर घेतला आणि रोज दुपारी लावू लागला. डोक्यावरून जायचं, तरी ऐकत राहिला. चौथं गाणं त्याला दहाव्या-बाराव्या खेपेला कळलं. त्या सगळ्या धडधडीखाली पखवाजाचा ठेका होता. त्यानेच रूपेशला सातव्या वर्षी मांडीवर बसवून शिकवलेला. आणि वर धावणारे शब्द होते मिठागरात पाय कुजलेल्या आजोबांवर, म्हणजे हिरामणच्या बापावर. जन्मभर कानाचा तोरा मिरवला, आणि घरचा ठेका ओळखू आला नाही! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी यार्डातून आलेला रूपेश मोरीत हात धूत होता. हिरामण दारात उभा राहिला. "चवथा गाना भारी हाय रं. माजी चूक झाली. सोड ती नोकरी, गा तू."

"आता तुला नाव मायती हाय, बाबा," रूपेश शांतपणे म्हणाला आणि हात पुसून ताटावर बसला.

पोर चिडून बोललं असतं, तर हिरामणने त्याचे पायसुद्धा धरले असते. पण ते खरं बोललं होतं, आणि तेही हिरामणच्याच नियमाने.